न वाचलेले अर्ज

रशियातली राजेशाही का कोसळली, असे विचारले की दोन उत्तरे तोंडावर तयार असतात: लोक उपाशी होते आणि लेनिनने त्यांना पेटवले. शाळेच्या पुस्तकापासून ही उत्तरे आपल्या अंगवळणी पडली आहेत. पण १९१७ च्या फेब्रुवारीत काय घडले ते नीट पाहिले तर दोन्ही टिकत नाहीत. लेनिन तेव्हा झुरिकमध्ये होता. येऊ घातलेल्या क्रांतीच्या निर्णायक लढाया आमच्यासारखे म्हातारे कदाचित पाहणार नाहीत, असे त्याने त्याच जानेवारीत तिथल्या तरुण कामगारांना व्याख्यानात सांगितले होते. ट्रॉट्स्की न्यूयॉर्कमध्ये होता, स्टालिन सैबेरियात हद्दपारीत. भुकेचे म्हणाल तर १८९१-९२ मध्ये व्होल्गाकाठच्या प्रांतांत भीषण दुष्काळ पडला, मागोमाग पटकी आणि टायफस आला, चार लाखांच्या आसपास माणसे दगावली. सिंहासन जागचे हलले नाही. १९१७ च्या फेब्रुवारीत पेट्रोग्राडमध्ये, म्हणजे राजधानी सेंट पीटर्सबर्गमध्ये, पावाची टंचाई होती, दुष्काळ नव्हता. तरीही आठवडा-दहा दिवसांत तीनशे वर्षांचे घराणे गेले.

मग मधल्या पंचवीस वर्षांत काय घडले? माझे उत्तर असे, की या काळात रशियन माणसाचा राजावरचा विश्वास मोडला आणि तो मोडण्याचे काम राजसत्तेने स्वतःच केले. राजा मायबाप आहे, नाडतात ते मधले कारभारी. आपले गाऱ्हाणे एकदा त्याच्या कानावर गेले की तो न्याय करील, ही श्रद्धा रशियन खेड्यात फार खोल रुजलेली होती. १८७४ च्या उन्हाळ्यात शहरांतले विद्यार्थी शेतकऱ्यांचे कपडे घालून खेडोपाडी गेले. जमिनीचा विषय निघाला की शेतकरी माना डोलावत, झारविरुद्ध शब्द निघाला की गप्प होत. काही विद्यार्थ्यांना तर गावकऱ्यांनीच पोलिसांच्या हवाली केले. या माणसांना झारविरुद्ध उभे करणे विद्यार्थ्यांना जमले नाही. पुढे ते झारच्या मंत्र्यांनी, गव्हर्नरांनी आणि खुद्द झारने करून दाखवले. (इथल्या तारखा त्या काळच्या रशियन कॅलेंडरप्रमाणे आहेत. विसाव्या शतकात ते आपल्या कॅलेंडरच्या तेरा दिवस मागे होते.)

सुरुवात १८६१ पासून करावी लागते. त्या वर्षी १९ फेब्रुवारीला दुसऱ्या अलेक्झांडरने भूदासपद्धती रद्द केली आणि जमीनदारांच्या मालकीची सव्वादोन कोटींहून अधिक माणसे कायद्याने मोकळी झाली. पण जमिनीचे काय? पिढ्यान्‌पिढ्या आपण कसतो ती जमीन आपलीच, ही शेतकऱ्याची पक्की समजूत. नव्या कायद्याने त्याला तीच जमीन विकत घ्यायला लावली. अनेक ठिकाणी जमीनदाराने त्यातले चांगले तुकडे, कुरण, पाणवठ्याकडची वाट, रानाची कड स्वतःकडे कापून ठेवली. उरलेल्या जमिनीच्या किमतीतला मोठा वाटा सरकारने जमीनदाराला रोख्यांच्या रूपाने चुकता केला आणि शेतकऱ्याकडून तो दरसाल सहा टक्क्यांप्रमाणे ४९ वर्षे हप्त्यांनी वसूल करायचे ठरवले. हप्ता थकला तर जबाबदार अख्खी गावकी. एक कुटुंब परागंदा झाले तर त्याचा बोजा शेजाऱ्यांवर, म्हणून गावकीच्या संमतीशिवाय आणि पासाशिवाय गाव सोडायची सोय नव्हती. वर फटक्यांची शिक्षा होतीच. बाकीच्या बहुतेक वर्गांची तिच्यातून केव्हाच सुटका झाली होती. शेतकऱ्याला मात्र ग्रामीण न्यायालय १९०४ पर्यंत फटके मारू शकत होते.

कायदा जाहीर झाल्यावर कझान प्रांतातल्या बेज्दना गावी आंतोन पेत्रोव्ह नावाच्या, जेमतेम अक्षरओळख असलेल्या शेतकऱ्याने तो वाचायला घेतला. त्यातून त्याने असा अर्थ काढला की झारने सगळी जमीन आणि संपूर्ण मुक्तता दिली आहे, जमीनदारांनी आणि अधिकाऱ्यांनी ती दडपून ठेवली आहे. आसपासच्या गावांतून हजारो लोक ऐकायला जमले. एप्रिलमध्ये लष्कर आले, गोळीबार झाला, कितीतरी माणसे जागीच पडली. पेत्रोव्ह त्या कायद्याची प्रत डोक्यावर धरून घराबाहेर आला. झारच्या कागदावर झारचे शिपाई गोळी झाडणार नाहीत, असे त्याला वाटले असावे. त्याला पकडून, लष्करी न्यायालयापुढे उभे करून गोळी घालण्यात आली. रशियन शेतकऱ्याचा पुढचा सगळा इतिहास मला या माणसात दिसतो. त्याचे बंड झारच्या नावाने होते.

१ मार्च १८८१ रोजी क्रांतिकारकांच्या बॉम्बने दुसऱ्या अलेक्झांडरचा बळी घेतला. लोकप्रतिनिधींना कायदे तयार करताना सल्ल्यापुरते सहभागी करून घेण्याच्या एका अगदी माफक योजनेला त्याच सकाळी त्याने मान्यता दिली होती. मुलाने, तिसऱ्या अलेक्झांडरने, ती बासनात गुंडाळली आणि दोन महिन्यांत जाहीरनामा काढून निरंकुश सत्ता अढळ राहील असे बजावले. त्या ऑगस्टमध्ये तीन वर्षांपुरते म्हणून जे विशेष नियम आले, ते मुदतवाढ घेत घेत १९१७ पर्यंत चालले. या नियमांखाली गव्हर्नर सभा बंद करू शकत होता, वर्तमानपत्र थांबवू शकत होता, आणि खटल्याशिवाय माणसांना हद्दपार करता येत होते. रशियन बॉम्बचा आपल्याकडेही दबदबा होता. १९०७ मध्ये पॅरिसला सेनापती बापट आणि हेमचंद्र दास यांनी बॉम्बची कृती मिळवली ती रशियन क्रांतिकारकांकडूनच. त्या पिढीच्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. तरीही रशियाच्या बाबतीत मला म्हणावेच लागते, की बॉम्बने झार मेला आणि झारशाही अधिक घट्ट झाली. तिला भगदाड पाडले ते हात जोडून आलेल्या माणसांनी.

१८९४ साली निकोलस दुसरा गादीवर आला. तीनेक महिन्यांनी, जानेवारी १८९५ मध्ये, झेम्स्त्वोंचे प्रतिनिधी त्याच्या भेटीला आले. झेम्स्त्वो म्हणजे आपल्या जुन्या लोकल बोर्डांसारख्या संस्था. शाळा, दवाखाने, रस्ते बघणाऱ्या, बव्हंशी जमीनदारांच्याच हातातल्या. त्वेर प्रांताच्या झेम्स्त्वोने नव्या राजाला दिलेल्या मानपत्रात नम्रपणे इच्छा व्यक्त केली होती की लोकांचा आवाज सिंहासनापर्यंत पोहोचावा. उत्तरात निकोलसने राज्यकारभारात सहभागाच्या कल्पनांना निरर्थक स्वप्ने म्हटले आणि वडिलांइतक्याच ठामपणे एकतंत्री सत्ता जपण्याची ग्वाही दिली. समोर उभे होते ते राजनिष्ठ सरदार-जमीनदार. दोन वर्षांनी जनगणना झाली. साडेबारा कोटी लोकांच्या त्या देशाच्या राजाने आपल्या तक्त्यात व्यवसायाच्या रकान्यात लिहिले, रशियन भूमीचा धनी. हा गर्व म्हणून सोडून देता येत नाही. ती त्याची प्रामाणिक समजूत होती. देवाने सोपवलेली ही मालमत्ता मुलाच्या हाती जशीच्या तशी द्यायची, तिच्यात कुणाला वाटेकरी होऊ द्यायचे नाही, हे तो धर्मकर्तव्य मानत होता.

मालकीची ही कल्पना कारभारात उतरली की जो कुणी अर्ज घेऊन येतो तो आगाऊ ठरतो. फिनलंडचेच पाहा. १८९९ च्या फेब्रुवारीत झारने फरमान काढून फिनलंडची स्वायत्तता आकुंचित केली. फिन लोकांनी दगड उचलला नाही. त्यांनी सह्या गोळा केल्या. ऐन हिवाळ्यात, बर्फावरून स्कीने गावोगाव फिरून, दोनेक आठवड्यांत पाच लाखांहून जास्त सह्या जमल्या. फिनलंडची एकूण वस्तीच सव्वीस-सत्तावीस लाखांची होती. पाचशे जणांचे शिष्टमंडळ सेंट पीटर्सबर्गला गेले. झारने भेट नाकारली. पोलंडात, युक्रेनमध्ये, बाल्टिक प्रांतांत, ज्यूंच्या वस्त्यांत कमीअधिक कठोरपणे हेच चालले होते. त्यातल्या प्रत्येकाची स्वतंत्र कहाणी आहे. इथे एवढेच, की १८९७ च्या मोजणीत रशियन मातृभाषेची माणसे साम्राज्यात निम्म्याहून कमी भरली होती.

शहरांत या काळात नवा माणूस उभा राहत होता. अर्थमंत्री विटेने रेल्वे, पोलाद आणि परकी भांडवल यांच्या जोरावर कारखानदारी झपाट्याने वाढवली. सेंट पीटर्सबर्गच्या पुतिलोव्ह कारखान्यात हजारो कामगार राबत. १८९७ च्या कायद्याने कामाचा दिवस साडेअकरा तासांवर आणला, पण युनियन करायला बंदी आणि संप हा गुन्हा होता. म्हणजे फोरमनने दंड लावला, पगार कापला, शिवी दिली तर त्याच्याविरुद्ध चार जणांनी मिळून बोलणे हेच बेकायदा. मजुरीचे भांडण मालकाशी सुरू होई आणि पहिल्याच दिवशी समोर घोडेस्वार पोलीस उभे राहत. मार्क्स न वाचताही कामगाराला कळत गेले की मालकाच्या पाठीशी सरकार आहे. झार मात्र अजून त्या सरकारात धरलेला नव्हता.

म्हणूनच १९०५ चा ९ जानेवारी हा माझ्या मते रशियन इतिहासातला निर्णायक दिवस आहे, १९१७ च्या कुठल्याही दिवसाहून अधिक. पाद्री गेओर्गी गापोनने पोलीस खात्याच्या संमतीने कामगारांची एक संघटना चालवली होती. चहा, व्याख्याने, भजने, परस्परमदत असा तिचा व्याप. डिसेंबर १९०४ मध्ये पुतिलोव्ह कारखान्यातून तिच्या चार सभासदांना काढण्यात आले. त्यांना परत घ्या म्हणून विनवण्या झाल्या, त्या फेटाळल्या गेल्या, ३ जानेवारीला संप झाला आणि आठवड्याभरात तो शहरभर पसरला. मग थेट झारकडे जायचे ठरले. संघटनेच्या शाखाशाखांत अर्ज वाचून दाखवला जाई. खोली भरली की वाचन, ती माणसे बाहेर, पुढची आत, पुन्हा वाचन. हे दिवसभर चाले. अर्ज मोठा विलक्षण आहे. एका बाजूला आठ तासांचा दिवस, वाजवी मजुरी, आणि ज्या कार्यशाळांत वारा, पाऊस, बर्फ आत येतो तिथे जीव न गमावता काम करता यावे ही मागणी. दुसऱ्या बाजूला सर्वांना समान आणि गुप्त मतदानाने निवडलेली घटनासभा. आणि शेवटी, ऐकले नाहीस तर तुझ्या राजवाड्यासमोर याच चौकात मरू, आम्हाला दुसरीकडे जायला जागा नाही. झारने भेटच नाकारली तर काय, असे गापोन सभेत विचारी. मग आम्हाला झार नाही, असे उत्तर जमावातून येई. माणसे हे रडत रडत म्हणत होती.

रविवारी सकाळी शहराच्या निरनिराळ्या भागांतून मिरवणुका निघाल्या. अंगावर सणाचे कपडे, बरोबर बायकामुले, पुढे धर्मचिन्हे आणि झारच्या तसबिरी, ओठांवर प्रार्थना. नार्वा वेशीकडच्या मिरवणुकीपुढे तर पोलीसच वाट मोकळी करत चालले होते. तिथे गोळीबार झाला. नदीच्या पुलाशी झाला, राजवाड्यासमोर झाला. सरकारी आकडा १३० मृतांचा. इतर अंदाज त्याहून बरेच मोठे आहेत. झार शहरात नव्हताच, तो त्सार्स्कोये सेलोच्या वाड्यात होता. त्या दिवसाची त्याची डायरी उपलब्ध आहे. दिवस कठीण गेला, सैन्याला गोळ्या झाडाव्या लागल्या, फार वाईट वाटते, असे तो लिहितो. पुढच्याच ओळींत आई शहरातून आली, सगळ्यांबरोबर जेवण झाले, भावाबरोबर फिरायला गेलो, अशा नोंदी आहेत. दहा दिवसांनी अधिकाऱ्यांनी निवडून आणलेल्या काही कामगारांना त्याने भेट दिली आणि तुमच्या अपराधाची क्षमा करतो असे सांगितले. मेलेल्यांच्या भाऊबंदांना उद्देशून क्षमा! मला त्या गोळीबाराइतकाच हा प्रसंग भयंकर वाटतो. गोळीबार अधिकाऱ्यांच्या घबराटीने झाला असे म्हणता आले असते. क्षमा खुद्द धन्याने केली होती.

यानंतरचे वर्ष पेटलेलेच गेले. जपानी युद्धातल्या पराभवांनी सरकारची उरलीसुरली पत घालवली. जूनमध्ये काळ्या समुद्रातल्या 'पोत्योम्किन' युद्धनौकेवर जेवणाला अळ्या पडलेले मांस आले. जहाजाच्या डॉक्टरने ते खाण्याजोगे ठरवले, खलाशांनी जेवण नाकारले, अधिकाऱ्यांनी शिक्षेची तयारी केली आणि बंड झाले. साध्या निकोप समाजात हे मांस समुद्रात फेकून विषय मिटला असता. एकतंत्री राज्यात वरच्याचा शब्द चुकीचा ठरवण्याची वाटच ठेवलेली नसते, त्यामुळे मांसाची तक्रारही राजद्रोह होते. मला सांगायचे आहे ते मुख्यतः हेच. रशियातल्या माणसाला राजकारण करायचे नव्हते. त्याच्या पगाराला, पावाला, जमिनीला, भाषेला हात घालताना राज्य प्रत्येक वेळी त्याला राजकारणात ढकलत गेले.

ऑक्टोबरात रेल्वेसकट सगळा देश संपाने थांबला आणि १७ ऑक्टोबरला झारने जाहीरनामा काढला. नागरी स्वातंत्र्य मिळेल, ड्यूमा या निवडलेल्या सभेच्या संमतीशिवाय कायदा होणार नाही. इथे एक दार खरोखर उघडले होते, आणि लोकांनी त्यावर किती मनापासून विश्वास टाकला ते गावोगावच्या ठरावांत दिसते. त्या वर्षभरात शेतकऱ्यांनी झारला, मंत्र्यांना आणि मग ड्यूमाला असंख्य अर्ज धाडले. गावकी बसायची, गावचा लेखनिक किंवा मास्तर लिहायचा, खाली सह्या, ज्यांना सही येत नाही त्यांची नावे दुसऱ्याने लिहिलेली. जमीन स्वतःच्या हाताने कसणाऱ्याला द्या, शाळा काढा, तुरुंगातल्यांना सोडा, अधिकारी आम्ही निवडू. या कागदांत मुत्सद्देगिरी नाही, आणि रक्ताची तहानही नाही.

एप्रिल १९०६ मध्ये पहिली ड्यूमा भरण्याच्या चार दिवस आधी मूलभूत कायदे जाहीर झाले. त्यांत झारची सत्ता पुन्हा निरंकुशच म्हटली होती, मंत्री ड्यूमाला जबाबदार नव्हते. सभासदांनी जमीनदारांची जमीन मोबदला देऊन शेतकऱ्यांना वाटण्याचा विषय काढताच सरकारने साफ नकार दिला. जेमतेम अडीच महिन्यांत, ८ जुलैला, ड्यूमा बरखास्त झाली. सभासद आले तेव्हा इमारतीला कुलूप आणि भोवती लष्कर. निषेधाच्या पत्रकावर सह्या करणाऱ्यांना तुरुंगात टाकले आणि पुन्हा उभे राहण्याचा त्यांचा हक्क गेला. दुसरी ड्यूमा पहिलीपेक्षा डावी निघाली, तिलाही ३ जून १९०७ ला घरी पाठवले आणि मतदानाचा कायदा असा बदलला की जमीनदारांचे पारडे कायमचे जड राहावे. आपण दिलेला शब्द झारने दोन वर्षांत मोडला होता.

पंतप्रधान स्तोलिपिनला मात्र एका वाक्यात निकालात काढणे अन्यायाचे होईल. झारच्या मंत्र्यांत तो सर्वांत कर्तबगार. गावकीतून शेतकऱ्याला बाहेर काढून त्याला स्वतःच्या जमिनीचा मालक करायचे, म्हणजे तो व्यवस्थेचा राखणदार होईल, हा त्याचा हिशेब होता, आणि त्यासाठी त्याने वीस वर्षांची शांतता मागितली होती. पण त्याच माणसाने तातडीच्या लष्करी न्यायालयांतून शेकडो जणांना, खटल्यानंतर चोवीस तासांत, मृत्यूच्या दारी धाडले. शेतकऱ्याला मालमत्ता द्यायची आणि नागरिकत्व द्यायचे नाही, हा बेत वीस काय, पन्नास वर्षांतही तडीस गेला नसता असे मला वाटते. १९११ मध्ये कीव्हच्या नाट्यगृहात त्याच्यावर गोळ्या झाडणारा माणूस पोलिसांचाच खबऱ्या होता, आणि आत शिरण्याचा पासही त्याला पोलिसांनीच दिला होता.

पुढच्या वर्षी सैबेरियातल्या लेना नदीच्या सोन्याच्या खाणींवर जे घडले त्यात सगळे जुने प्रकरण पुन्हा आले. कंपनीच्या दुकानातले सडके मांस, त्यावरून संप, आणि संप कुणीतरी चिथावल्यामुळे झाला हा अधिकाऱ्यांचा आरोप. तो खोडून काढण्यासाठी खाणकामगारांनी प्रत्येकाने आपापली चिठ्ठी लिहिली, मी स्वतःच्या इच्छेने काम थांबवले आहे, मला कुणी भाग पाडलेले नाही. ४ एप्रिल १९१२ रोजी या चिठ्ठ्या सरकारी वकिलाच्या हाती द्यायला दोन हजारांहून अधिक माणसे निघाली. वाटेत सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. मृतांचे आकडे वेगवेगळे दिले जातात. ड्यूमात जाब विचारला गेला तेव्हा गृहमंत्री मकारोव्हने सांगितले, असेच होत आले आहे आणि पुढेही असेच होईल. देशभर संपांची लाट उसळली. चौकशीला गेलेल्या वकिलांत अलेक्झांडर केरेन्स्की होता. पाच वर्षांनी तो देशाचा पंतप्रधान झाला.

१९१४ च्या युद्धाने क्रांती आणली असे म्हणतात. युद्धाने एवढेच केले, की जी माणसे तोवर आपापल्या गावात, कारखान्यात, कचेरीत एकेकटी तुंबली होती त्यांना एकाच वेळी एकाच अनुभवातून नेले. जवळजवळ दीड कोटी पुरुष सैन्यात ओढले गेले. १९१५ मध्ये तोफगोळे अपुरे पडून सैन्य पोलंडमधून मागे रेटले गेले. तेव्हा झारने सरसेनापतिपद स्वतःकडे घेण्याचे ठरवले. यापुढचा प्रत्येक पराभव सिंहासनाच्या नावावर लागेल हे मंत्र्यांना दिसत होते. आठ मंत्र्यांनी सह्या करून त्याला पत्र लिहिले, हे करू नका. म्हणजे आता अर्जदारांच्या रांगेत खुद्द मंत्री उभे राहिले होते. उत्तर नेहमीचेच मिळाले. झार मोगिलेव्हच्या लष्करी मुख्यालयात गेला आणि सही करणारे बहुतेक जण पुढच्या महिन्यांत पदावरून गेले. राजधानी राणीच्या हाती, आणि राणी रास्पुतीन या साधूच्या सल्ल्याने चालणारी. रास्पुतीनवर ढीगभर लिहिले गेले आहे. माझ्या मते त्याला फारच मोठे केले गेले. जिथे देशाच्या सभेला मंत्री बदलता येत नाही तिथे कुणीतरी एक रास्पुतीन दरबारात शिरणारच.

१९१६-१७ च्या कडक हिवाळ्यात रेल्वे कोलमडली. धान्य देशात होते, शहरात पोहोचत नव्हते. पेट्रोग्राडच्या गिरण्यांत दहा-अकरा तास काम केलेल्या बायका पहाटेच्या अंधारात पावाच्या दुकानापुढे उभ्या राहत आणि कित्येकदा रिकाम्या हाताने परतत. गुप्त पोलिसांनीच अहवालात इशारा दिला होता की रांगेत थकलेल्या आया उदारमतवादी पुढाऱ्यांपेक्षा क्रांतीच्या अधिक जवळ आणि अधिक धोक्याच्या आहेत. २३ फेब्रुवारीला, आंतरराष्ट्रीय महिला दिनी, व्हिबोर्ग भागातल्या कापड गिरण्यांतल्या बायका काम टाकून रस्त्यावर आल्या आणि शेजारच्या लोखंडी कारखान्यांच्या खिडक्यांवर बर्फाचे गोळे मारून त्यांनी पुरुषांना बाहेर काढले. दोन दिवसांत दोन लाखांहून अधिक कामगार संपावर होते. राणीने नवऱ्याला लिहिले की हा गुंडांचा उच्छाद आहे, थंडी जोरात असती तर ही पोरे घरातच बसली असती. झारने तारेने हुकूम दिला, उद्याच्या उद्या दंगा मोडा.

२६ तारखेला, रविवारी, व्होलिन्स्की पलटणीच्या एका तुकडीने झ्नामेन्स्काया चौकात जमावावर गोळ्या झाडल्या. बारा वर्षांपूर्वीचा रविवार जसाच्या तसा घडत होता; फरक पडला तो रात्री. बराकीत परतल्यावर सार्जंट तिमोफेय किर्पिच्निकोव्ह आणि त्याचे सोबती बोलत बसले. ते शेतकऱ्यांची आणि कामगारांची मुले होती. चौकात जे मेले ते कोण होते हे त्यांना ठाऊक होते. उद्या बाहेर पडायचे नाही, असे त्यांनी ठरवले. सकाळी कॅप्टनने झारची तार वाचून दाखवली, तुकडीने हुकूम नाकारला, कॅप्टनला गोळी लागली, आणि शिपाई शेजारच्या बराकींकडे धावले. संध्याकाळपर्यंत राजधानीतली पलटणीमागून पलटण लोकांच्या बाजूला गेली होती. १९०५ मध्ये शिपायाने गोळी झाडली, कारण अजून तो झारचा होता. १९१७ मध्ये तो झारचा राहिला नव्हता.

त्यानंतर सिंहासन वाचवायला कोण आले? कोणीही नाही. ड्यूमाचा अध्यक्ष रोद्झ्यान्को तारा करत होता, लोकांचा विश्वास असलेले सरकार ताबडतोब नेमा. त्या बेदखल झाल्या. २ मार्चला पस्कोव्हच्या स्थानकावर, रेल्वेच्या डब्यात बसलेल्या झारपुढे आघाड्यांवरच्या सेनापतींच्या तारा ठेवण्यात आल्या. त्यांत त्याचा चुलत काका ग्रँड ड्यूक निकोलायही होता. सगळ्यांचे सांगणे एकच, पायउतार व्हा. त्याने सही केली. दुसऱ्या दिवशी भाऊ मिखाइलनेही मुकुट नाकारला. निकोलसने डायरीत लिहिले की भोवती विश्वासघात, भेकडपणा आणि फसवणूक आहे. इतक्या वर्षांत कोणीकोणी काय काय मागून पाहिले, याची त्या नोंदीत आठवणही नाही.

आज रशियात त्याच्याविषयी हळहळ आहे. १७ जुलै १९१८ ला येकातेरिनबुर्गच्या तळघरात त्याची, पत्नीची आणि पाच मुलांची हत्या झाली. ते घोर पाप होते आणि त्याचे समर्थन कुणी करू नये. २००० साली ऑर्थोडॉक्स चर्चने या कुटुंबाला संतपद दिले. पण या करुणेच्या आडून अलीकडे असेही सांगितले जाते की क्रांती हा परकी पैशावर रचलेला कट होता, जनता भोळी होती आणि तिला बहकवले. बेज्दनाचा शेतकरी, पुतिलोव्हचा कामगार, लेनाचा खाणकामगार यांचा हा अपमान आहे. त्यांना काय हवे होते ते त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहून, सही करून, चालत जाऊन दिले होते. कट करणारी माणसे आपले नाव-गाव लिहून देत नाहीत.

पण नंतर लेनिनचे बोल्शेविक आले, मग लोकांनी मिळवले काय, हा आक्षेप मला गंभीर वाटतो. गापोनच्या अर्जात मागितलेली घटनासभा नोव्हेंबर १९१७ मध्ये खरोखर निवडली गेली, कोट्यवधी मतांनी, आणि बोल्शेविकांना तिच्यात जेमतेम चौथा हिस्सा मिळाला. ५ जानेवारी १९१८ ला ती एकदा भरली आणि दुसऱ्या दिवशी तिचे दार पुन्हा उघडले नाही. ती भरली त्या दिवशी तिच्या समर्थनार्थ निघालेल्या निःशस्त्र मोर्चावर पेट्रोग्राडच्या रस्त्यांत गोळ्या झाडल्या गेल्या. मृतांमध्ये कारखान्यांतले कामगार होते. ज्यांना केवळ पाव हवा होता अशी माणसे सभागृहासाठी मरायला बाहेर पडत नाहीत. मॅक्सिम गॉर्कीने आपल्या 'नोवाया झीझ्न' या वृत्तपत्रात या गोळीबाराची तुलना उघडपणे १९०५ च्या ९ जानेवारीशी केली आणि नव्या सत्ताधाऱ्यांना विचारले, की ज्या मागणीसाठी रशियातल्या उत्तम माणसांनी शंभर वर्षे झीज सोसली तिच्यावरच तुम्ही बंदुका कशा रोखल्या? जुलैमध्ये नव्या सरकारने ते वृत्तपत्र बंद केले.